शराइतचा रिकामा रकाना

2023चा रमजान होता. सहरीला उठलो होतो. चहा गॅसवर होता आणि मोबाइल वाजला. त्या वेळी येणारा फोन एक तर मशिदीच्या ग्रुपवरचा असतो, नाही तर परदेशातला. भाचीचा होता. अमेरिकेत, टेक्सासमध्ये, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. तिचा रोजा सुटायला अजून वेळ होता. ती रडत नव्हती, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटली.

"खाला, त्यांनी व्हॉट्सअॅपवर तलाक लिहून पाठवलाय. तीनदा."

आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. शाळेत मुलांना प्रश्न विचारण्यात आयुष्य गेलं, पण त्या क्षणी आम्हाला एक धड प्रश्न सुचला नाही. भांडण कशावरून, जेवलीस का, पोर कुठं आहे, असं काहीतरी विचारत राहिलो. मेहर, जेवर, लातूरच्या घरी कसं सांगायचं, हेच आमच्या डोक्यात फिरत होतं. तिच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. ती म्हणाली, "खाला, ते सगळं नंतर. मैं अब कां रहूँ? माझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे. इद्दत करायची तर कुठं करू?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. आणि हा रिश्ता तर आम्हीच आणला होता.

मुलगी लातूरची, आमच्या आपाची थोरली. बी. फार्म. झालेली. मुलगा नांदेडचा, आमच्या ओळखीतल्या चांगल्या घरातला, इंजिनिअर, अमेरिकेत नोकरीला. 2018च्या जानेवारीत लातूरला निकाह झाला. बोलणी करायला लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही किती वेळा एसटीने गेलो त्याची गणती नाही. आपल्याकडे जे जे विचारतात ते सगळं आम्ही विचारलं. पगार किती? घर स्वतःचं की भाड्याचं? नमाजी आहे का? शौक काही? आई-वडिलांना पैसे पाठवतो का? दुल्हाभाईंनी एवढंही विचारलं, "ग्रीन कार्ड आहे का?" मुलाचे वडील म्हणाले, "अर्ज झालाय, लवकरच होईल." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अमेरिका एका देशाच्या लोकांना एका वर्षात सात टक्क्यांहून जास्त नोकरीची ग्रीन कार्डं देत नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही. मुलगी तिथं कोणत्या हक्काने राहणार, तिच्या पासपोर्टवर कोणता शिक्का बसणार आणि तो शिक्का कुणाच्या भरवशावर टिकणार, हा प्रश्न बैठकीत निघालाच नाही.

आमची चूक इथंच संपत नाही. देगलूर नाक्यापासून इतवाऱ्यापर्यंत कुणाला उर्दू कागद मराठीत करून हवा असला की तो आमच्या दारात येतो. त्याचं पुढं इंग्रजी वकील करून घेतो. भाचीच्या निकाहनाम्याचा व्हिसासाठीचा तर्जुमा आम्हीच केला. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, वली, वकील, दोन गवाह, मेहर आकड्यात, मेहर अक्षरी. आणि शेवटी एक रकाना होता, 'शराइत'. म्हणजे निकाहाच्या वेळी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या अटी. त्यात काझीसाहेबांनी एक तिरपी रेघ मारलेली होती. मराठीत आम्ही लिहिलं, 'काही नाही'. अक्षर सुबक आलं होतं, हेही आठवतं.

त्या सहरीनंतर दिवसभर आम्हाला अब्बांच्या फुफू आठवत राहिल्या. त्या कंधारच्या. नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. 1948च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली, त्यानंतर आपल्या भागातली काही घरं कराचीला गेली. त्यांत फुफूंचा चुलतभाऊ होता. लहानपणीच ठरलेला रिश्ता, तो मोडायचा कसा, म्हणून पुढं काही वर्षांनी फुफूंना तिकडं पाठवलं. त्या पाकिस्तानच्या नागरिक झाल्या. आपल्या 1955च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की इथलं संपतं. त्यांची खुशी कुणी विचारली होती, हा वेगळा प्रश्न. पंधरा-सोळा वर्षांनी त्यांचा तलाक झाला. मूलबाळ नव्हतं. भावाकडे परत यायचं, तर मध्ये दोन युद्धं झालेली आणि हातात परक्या देशाचा पासपोर्ट. शेवटी पाहुण्यांच्या व्हिसावर आल्या. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असायची, त्या गावांबाहेर जायचं नाही. आल्या आल्या पोलिसांत हजेरी, जाताना पुन्हा हजेरी. ज्या वाड्यात जन्मल्या तिथं त्या मुदत मोजत राहिल्या. दादी त्यांच्यासाठी रोज भाकरी थापायची आणि तव्याकडे बघत रडायची. मुदत संपली, त्या गेल्या आणि तिकडेच वारल्या. तलाकने त्यांचं सासर गेलं आणि पासपोर्टने माहेर.

आज भारताच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसात अशा बायकांसाठी एक वर्ग आहे. मूळच्या भारतीय, पाकिस्तानात लग्न झालेल्या, विधवा किंवा तलाकशुदा होऊन परतलेल्या आणि तिकडे आधाराला घरातला पुरुष नसलेल्या. सरकारी नियमात हे शब्द वाचले तेव्हा वाटलं, आमच्या फुफूसारख्या कितीजणी होऊन गेल्या असतील, तेव्हा हा एक वर्ग तयार झाला असेल.

भाचीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं आम्ही त्या दिवशी ठरवलं. पण ठरवून काय होतं? आपाचा लातूरहून फोनवर फोन. "उद्याचं तिकीट काढा. पोरीला घेऊन निघू दे. तलाक झाल्यावर त्या घरात एक रात्र राहणं बरं दिसतं का?" दुल्हाभाईंचंही तेच. मायेपोटीच बोलत होते. भाचीचा नवरा तिकडून रोज बजावत होता, "मी तुझा व्हिसा कॅन्सल करतो." दोन्हीकडून एकच घाई.

आम्ही नांदेडमधल्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. भाची तिथल्या मशिदीत येणाऱ्या एका बाईंच्या मदतीने तिथल्या वकिलाकडे गेली. दोन्हीकडून जे कळलं ते आम्ही वहीत लिहून काढलं, कारण शिक्षकाला लिहिल्याशिवाय कळत नाही. ती वही समोर ठेवूनच आज हे सांगतो आहोत.

पहिली गोष्ट, तलाकच्या तारखा तीन असतात. शरीयतची तारीख, न्यायालयाची तारीख आणि व्हिसाची तारीख. आपण एकच धरून चालतो आणि तिथंच फसतो.

शरीयतच्या तारखेबद्दल दोन मौलानांनी आम्हाला दोन मतं सांगितली. एका बैठकीत तीनदा म्हटलेला तलाक एकांच्या मते तीन, दुसऱ्यांच्या मते एक. भारताच्या कायद्यात मात्र गोंधळ नाही. 2019च्या कायद्याने असा एका झटक्यातला तलाक, तोंडी असो, लेखी असो की मोबाइलवरचा, रद्दबातल ठरवला आहे आणि तो गुन्हा आहे. त्याच्याही आधी, 2002मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने एक निकाल दिला. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी. प्रकरण आपल्या लातूरचं. नवऱ्याने कोर्टात येऊन 'मी पूर्वी तलाक दिला आहे' एवढं सांगणं पुरेसं नाही. कारण काय होतं, दोन्हीकडचे मध्यस्थ नेमले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सगळं सिद्ध करावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. वकीलसाहेब हसून म्हणाले, "तुमच्या लातूरचं नाव कायद्याच्या पुस्तकात आहे आणि तुम्ही तिकीट काढायला निघालात?"

अमेरिकेत व्हॉट्सअॅपच्या तलाकने काहीच होत नाही. तिथं विवाह मोडतो तो राज्याच्या न्यायालयात. टेक्सासमध्ये अर्ज दाखल झाल्यावरही सर्वसाधारणपणे किमान 60 दिवस थांबावं लागतं. भाचीचा व्हिसा होता एच-फोर, म्हणजे एच-वन-बी नोकरदाराच्या जोडीदाराचा. तो न्यायालयाचा अंतिम आदेश होईपर्यंत चालू राहतो आणि आदेश झाला की त्याचा आधार संपतो. नोकरदाराला नोकरी गेली तर काही दिवसांची सवलत असते, घटस्फोट झालेल्या जोडीदाराला तशी नाही. 'व्हिसा कॅन्सल करतो' ही मात्र नुसती धमकी होती. ते नवऱ्याच्या हातात नव्हतं. म्हणजे जिला आम्ही उद्याच्या विमानात बसवायला निघालो होतो, तिच्याजवळ अजून वेळ होता. त्या वेळेचाच तिला उपयोग होता.

दुसरी गोष्ट, ग्रीन कार्डच्या रांगेतली तिची जागा. ती रांग नवऱ्याच्या नोकरीची. बायको त्याच्या मागे उभी. कार्ड हातात पडण्याआधी विवाह मोडला तर ती रांगेतून बाहेर. पाच वर्षं थांबलेली असो की दहा, हिशेबात काही धरत नाहीत. मात्र नोकरीतून मिळालेलं ग्रीन कार्ड एकदा तिच्या नावाने झालं, तर नंतरच्या घटस्फोटाने ते जात नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून जाणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते सशर्त असतं, दोनच वर्षांचं. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा. मधेच घटस्फोट झाला तर ती एकटीही अर्ज करू शकते, पण लग्न खरं होतं हे तिला दाखवावं लागतं. दोघांच्या नावाचं भाडेपत्र, बँकेचं जोडखातं, मुलाचा जन्मदाखला, फोटो. नागरिकत्वाचंही तसंच. नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर नांदत असेल तर तीन वर्षांनी अर्ज, नाही तर सगळ्यांसारखी पाच वर्षं. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असून मारहाण करत असेल, तर त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करण्याची सोयही तिथल्या कायद्यात आहे.

भाचीची मुलगी 2020मध्ये तिथंच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन. आपा म्हणाली, "मग पोरीच्या जिवावर आईला राहता येईल की." नाही येत. मूल 21 वर्षांचं झाल्यावरच आईसाठी अर्ज करू शकतं. तीन वर्षांच्या नातीकडून आजीने अठरा वर्षं वाट पाहायची!

ही सगळी अमेरिकेची कथा. पण नांदेड-लातूरची जास्त घरं अमेरिकेपेक्षा आखाताशी बांधलेली आहेत. तिथं बहुतेकांना कायमचं राहणं नसतंच. बायको-मुलांचा इकामा नवऱ्याच्या नावावर. सौदीत घरातल्यांचा परतीचा किंवा कायमचा एक्झिट नवरा मोबाइलवरूनच काढू शकतो. अमेरिकेतली पोकळ धमकी तिथं खरी असते. अमिरातीने 2018च्या ऑक्टोबरपासून विधवा आणि तलाकशुदा बायकांना व त्यांच्या मुलांना प्रायोजकाशिवाय एक वर्ष राहण्याची मुभा दिली, ही चांगली गोष्ट झाली. ब्रिटनमध्ये विवाह मोडल्याचं सरकारला कळवावं लागतं, आणि मग जोडीदाराचा व्हिसा कापून साधारण 60 दिवसांवर आणला जाऊ शकतो. छळामुळे घर सोडावं लागलं असेल तर वेगळा अर्ज करता येतो. कॅनडाने 2012मध्ये काही नव्या जोडीदारांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती. छळ सोसूनही बायका गप्प राहतात ही तक्रार झाली आणि 2017मध्ये ती अट काढून टाकली.

आपल्या देशाचा कायदाही काही फार वेगळा नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर सात वर्षं इथं राहावं लागतं. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण घटस्फोट झाला की ते रद्द होऊ शकतं. आपल्या गल्लीत आलेली परदेशी सून असेल तर तिचाही विचार आपणच करायला हवा.

आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नसते, आमच्या वर्गात बसलेली असते. ईदला सगळे आखातातून येतात. महिन्याने वडील एकटेच परत जातात. 'तुमची तिकिटं मागाहून पाठवतो.' पासपोर्ट कपाटात नसतो, तो वडिलांच्या बॅगेत गेलेला असतो. परतीची मुदत इथं बसल्या बसल्या संपते. तलाकचा शब्द कुणी उच्चारलेलाच नसतो. पोरं आमच्या शाळेत मधेच दाखला घेऊन येतात आणि आम्ही विचारतो, "बाळा, अब्बू कधी येणार?"

आता भाचीचं पुढं काय झालं ते सांगतो. तलाकचं कारण काय, चूक कुणाची, हे इथं लिहिणं बरोबर नाही. दोन्ही घरं आजही आमच्या सलाम-दुआत आहेत.

रमजान संपल्यावर आम्ही मुलाच्या वडिलांकडे गेलो. कुरआनने नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक असे दोन पंच नेमायला सांगितलं आहे. आपण ते निकाहाच्या खुतब्यानंतर विसरतो. त्यांच्याकडून मुलाचे चाचा, इकडून आम्ही. पहिल्या दिवशी चहाला कुणी हात लावला नाही. मुलाचे वडील रडले. म्हणाले, "आमच्या घरात असं कधी झालं नाही." समेटाची कोशिश दोन महिने चालली. मनं जुळली नाहीत. तेव्हा आम्ही दुसरा प्रश्न काढला. वेगळं व्हायचंच असेल तर ते कसं व्हायचं?

इद्दतच्या काळात बायकोला तिच्या राहत्या घरातून काढू नका, ही सूरे तलाकची ताकीद आहे. आम्ही मुलाला व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं, "बेटा, शब्द लिहायला तुला एक मिनिट लागला. बाकीचा हुकूम कधी पाळणार?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी मित्राकडे जातो, ती घरात राहू दे." आमच्या सगळ्या धावपळीत हेच एक वाक्य कामाला आलं. कायद्याने मिळालेला वेळ आणि दीनाने सांगितलेला वेळ, दोन्ही त्या एका घरात एकत्र आले.

ठरलं ते कागदावर आणलं. डिसेंबरपर्यंत घराचं भाडं तो देईल. कोर्टातला अर्ज सप्टेंबरच्या आधी करणार नाही. घटस्फोट दोघांच्या संमतीने होईल. मुलीच्या कागदांवर तो सही करेल. संमतीचा आग्रह आमच्या वकीलसाहेबांचा होता. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही. एका हिंदू दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पत्नीची खरी संमती नसेल, तर ती तिथं तलाकशुदा आणि इथं विवाहित अशी लटकत राहू शकते.

त्या सहा-सात महिन्यांत भाचीने दोन्ही वाटा नीट पाहिल्या. एक वाट विद्यार्थी व्हिसाची. प्रवेश घ्यायचा, आदेश होण्याआधीच व्हिसा बदलण्याचा अर्ज करायचा. फीचा आकडा पाहून आम्ही दोघांनी भविष्य निर्वाह निधी काढायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "खालू, फी तुम्ही भराल. दिवसभर पोरीला कोण बघेल?" दुसरी वाट लातूरची. तिने ती निवडली. निवडली, हे महत्त्वाचं. एप्रिलमध्ये आली असती तर हाकलून दिलेली आली असती. डिसेंबरमध्ये आली ती ठरवून आली, आदेशाच्या दहा दिवस आधी. सोबत नोकरीचे अनुभवाचे दाखले, स्वतःच्या खात्यातले पैसे, मुलीचा ताबा कुणाकडे हे लिहिलेला मसुदा आणि मुलीचं ओसीआय कार्ड. बाप अमेरिकेत असताना त्याची सही मिळवणं सोपं. इथं आल्यावर त्या एका सहीसाठी किती फोन करावे लागले असते कोण जाणे.

आज ती लातूरला डी. फार्म.च्या मुलांना शिकवते. तिची मुलगी गंजगोलाईतून नानाचा हात धरून जाते, बोर मागते, आणि शाळेच्या फॉर्मवर तिच्या नावापुढे राष्ट्रीयत्व लिहिलेलं असतं, अमेरिकन. आईचं भारतीय. आपाला त्याचं हसूही येतं आणि धास्तीही वाटते. "ही मोठी होऊन निघून तर नाही ना जाणार?" असं ती विचारते. यावर आमच्याजवळ उत्तर नाही. कागद सगळे नीट असले म्हणून सगळं नीट होतं, असं नाही. भाची अजून कधी कधी सहरीच्या वेळी एकटीच जागी असते, हे आम्हाला माहीत आहे.

पण फुफूंचा चेहरा आठवतो आणि वाटतं, हिच्या वेळी निदान तारीख हिची होती.

वाचकहो, रिश्ता परदेशातला असेल तर बैठकीत हे प्रश्न विचारा. मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार? तिला तिथं काम करता येईल का? तिचं राहणं स्वतःच्या नावावर कधी होईल? निकाहाची नोंद महानगरपालिकेत किंवा आपल्या हद्दीतल्या निबंधकाकडे लगेच करून दाखला घ्या. परदेशात तोच चालतो. पासपोर्ट, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती माहेरी ठेवा. आणि खुदा न करो, वेळ आलीच, तर कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका आणि घाईने विमानात बसू नका. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी नांदेडला आणि लातूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी विवाहांच्या तक्रारींसाठी एनआरआय कक्ष आहे. उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवा असं सांगणाऱ्या दीनाचे आपण लोक. लेकीचा व्यवहार तोंडी का ठेवतो?

यंदा शाबानमध्ये आमच्याच खानदानात, लातूरला, एक निकाह झाला. मुलगा रियाधला. बैठकीत हे प्रश्न आम्ही काढले तेव्हा मुलाकडच्या एका बुजुर्गांना राग आला. "शुभ कामात तलाकची भाषा कशाला?" त्यावर आम्ही काही बोलायच्या आधी आतल्या दाराशी उभी असलेली भाची बोलली. "मामू, मेहर लिहिताना कुणी म्हणतं का, की हे अशुभ आहे म्हणून?"

बुजुर्ग गप्प झाले. मुलगाच म्हणाला, "लिहा."

काझीसाहेबांनी चश्मा पुसला. शराइतच्या रकान्यात तीन ओळी लिहिल्या. पासपोर्ट आणि मूळ कागद मुलीच्याच जवळ राहतील. इकाम्याचं नूतनीकरण भांडणामुळे थांबवलं जाणार नाही. आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा एक्झिट काढला जाणार नाही. रियाधच्या दफ्तरात या ओळींना किती वजन मिळेल, आम्ही सांगू शकत नाही. पण त्या मुलाने चारचौघांत वाचून खाली सही केली, आणि दोन गवाहांनी केली.

तर्जुमा आमच्याकडेच आला. या वेळी त्या रकान्याचं मराठी करायला आम्हाला अर्धा तास लागला.